सातभाईंचा खोकला

सकाळच्या कलकलाटात एक आवाज खरखरला आणि टिटवी दचकली. ती तशी पान हललं तरी दचकायची. पण या खेपेला तिने नीट कान दिला. समोरच्या करवंदाच्या दाट जाळीत सात सातभाई राहत असत. त्यांच्यातला मधला भाऊ खोकत होता. टिटवीची चार अंडी उघड्या माळावर, खड्यांमध्ये होती. मुंगूस फिरकलं की सातभाई एकच गिल्ला करत, म्हणून तर ती आजवर वाचली होती. आता त्यांचा आवाजच बसला तर?

सातभाईंची एक रीत होती, मुलांनो. ऊन कललं की सगळे एकाच फांदीवर अंगाला अंग लावून बसत आणि एकमेकांची पिसं चोचीने विंचरत. कुणी आजारी पडला, तर ऊब मिळावी म्हणून त्याला मधोमध घेत. झालं! दुसऱ्या दिवशी मधल्याच्या दोन्ही बाजूंचे खोकू लागले, तिसऱ्या दिवशी त्यांच्या पलीकडचे दोघे.

"थोरले दादा, जरा सुटे बसा ना!" टिटवी ओरडली.

"आली टिटवीताई!" टोकाला बसलेला धाकटा हसला. "आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपणारी! आज काय पडतंय?"

"आभाळ नाही, तुम्हीच पडताय एकेक करून."

"आजाऱ्याला एकटं टाकायची आमच्यात पद्धत नाही," थोरला तुटकपणे म्हणाला, आणि लगेच त्यालाही ठसका लागला.

नदीपलीकडच्या बगळ्यांनाही हाच खोकला झाल्याचं टिटवीने ऐकलं होतं. पण ते तर मजेत मासे पकडत होते. अंडी सोडून जायला तिचा जीव होईना; तरी ऊन चढायच्या आत परतायचं ठरवून ती उडाली.

"आम्ही काही दणकट नाही, पोरी," तिने विचारल्यावर म्हातारा बगळा म्हणाला. "एकच जण खोकला आणि बरा झाला. आमच्या सावरीच्या झाडाला सध्या पान नाही, वारा आरपार जातो. शिवाय बगळा बगळ्याच्या चोचीच्या टप्प्यात बसत नाही. बसला की टोच खातो! भांडखोर आहोत म्हणून वाचलो, एवढंच."

परत येताना टिटवी विचार करत होती. सातभाई काही भांडखोर व्हायचे नाहीत. त्यांना सांगायचं, तर त्यांच्या मायेला धरूनच सांगायला हवं.

"दादा, मधल्याला एकटं टाकू नका," ती जाळीपाशी येऊन म्हणाली. "पण सगळे बाहेर बाभळीवर या, तिथे वारा आहे. दोघांत पंखभर जागा ठेवा. एकमेकांना टेकायच्या ऐवजी हाक मारा. एकाने हाक दिली की बाकीच्यांनी ओ द्यायची. ज्याची ओ आली नाही, त्याला किडा नेऊन द्या. हवं तर पहिली हाक मी देते."

जाळीतून नुसता खोकला ऐकू आला.

संध्याकाळी तिने हाक दिली. जाळी गप्प. सकाळी दिली. गप्पच. पण ती हटली नाही. थोड्या थोड्या वेळाने हाक देतच राहिली.

ऊन डोक्यावर आलं, तेव्हा बाभळीच्या शेंड्यावरून एक खरखरीत आवाज आला. "ओ, टिटवीताई, ओ! मी मधला बोलतोय. आम्ही सातही बाहेर आलोय, पंखभर अंतराने बसलोय. आणि मागे बघ, तुझ्या अंड्यांकडे मुंगूस निघालंय. अजून लांब आहे, पळव त्याला!"

तात्पर्य : रोगाची साथ एकच असली, तरी ज्याची जशी राहणी तशी ती पसरते; म्हणून दुसऱ्याचा उपाय आपल्या रीतीला बसेल असा करून घ्यावा, आणि कुणी ओ देईपर्यंत हाक सोडू नये.