चौथी हाक

एका राज्यात एका संध्याकाळी माळ्याने हाकेला ओ दिली नाही.

माळी काही हरवला नव्हता. बुरुजाच्या पायथ्याशी उकिडवा बसून पेरू खात होता. वरून बकुळेने हाक घातली, "केरबाऽऽ!" त्याने बी थुंकली. दुसरी हाक झाली, तिसरी झाली. केरबाने मान वर केली नाही.

बकुळा दचकली. तशी ती पाल चुकचुकली तरी दचकणारी. पण हे भलतंच होतं.

त्या राज्यात दिवस कलला की दरीतून धुकं चढे, आणि धुक्यात वाटा आपली जागा सोडून जात. म्हणून गडावर हाकारीण नेमलेली असे. ती बुरुजावरून एकेकाचं नाव घेई. ज्याचं नाव त्याने ओ द्यावी आणि आवाजाच्या रोखाने घर गाठावं. हाका तीनच. चौथी मारली, तर समोरून ओ येईपर्यंत जमीन हाकारणीचे पाय सोडत नाही, असं म्हणत. मग घटका लागो की जन्म. चौथी हाक आजवर कुणी मारली नव्हती. चार महिन्यांमागे बकुळेची थोरली बहीण तगर दरीपलीकडे गेली ती परतलीच नाही. तेव्हाही बकुळेने तीन हाका मारल्या आणि रीतीप्रमाणे ती जिना उतरून खाली आली. त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं.

"त्याचं मनगट बघ," बुरुजावरचा म्हातारा पोपट, राघू, म्हणाला. केरबाच्या मनगटात चंदेरी कडं होतं. तेवढ्यात तो उठला, धोतर झटकलं आणि कुणी बोलावल्यासारखा धुक्यात चालता झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक टिटवी बुरुजाच्या कठड्यावर येऊन बसली.

"मी मांत्रिक कालकंठाची चाकर. तुझ्यासाठी बोलावणं आहे. इथे काय मिळतं?"

"महिन्याला चार पायल्या ज्वारी. वर्षाला एक लुगडं."

"आणि बुरूज गळतो."

बकुळा दचकली. "तुला कसं कळलं?"

"अंथरूण उन्हात टाकलंयस की. आमच्याकडे शंभर मोहरा, वर कोरडी खोली. तुझी बहीणही तिथेच आहे. मागावर बसते."

बकुळेला दिवसभर काही सुचेना. शेवटी ती उदयभान राजाकडे गेली. राजा स्वतःच घोड्याला खरारा करत होता, कारण मोतद्दारही कडं घालून गेला होता.

"महाराज, कालकंठाचं बोलावणं आलंय."

"काय देतो?"

तिने सांगितलं. राजाने घोड्याची दुसरी बाजू धरली.

"मग मला विचारायला कशाला आलीस?"

"तुम्ही नको म्हणालात, तर माझं मला ठरवावं लागणार नाही."

राजा हसला. "मी नको म्हणणार नाही, बकुळे. बुरूज गळतो हे मला ठाऊक आहे. तीन वर्षं ठाऊक आहे. जा. बहिणीला भेट. पटलं तर राहा."

"मग संध्याकाळी हाका कोण मारणार?"

"ते मी बघेन."

राजा रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो रागावला नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्या वाटेत तिचा पाय अडखळत राहिला. खांद्यावर राघू होता. "परत फिरायचं असेल तर आत्ता सांग," तो दर वळणावर म्हणे. "पुढे माझेही पंख दुखतात."

कालकंठाचा महाल काळ्या दगडाचा होता आणि आत शेकडो माग चालत होते. विणणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटात कडं होतं. तिसऱ्या रांगेत तगर बसली होती. बकुळा धावत गेली, "ताई!" म्हणाली, खांदा हलवला. तगरने तुटलेला धागा जोडला आणि धोटा पुढे टाकला.

कालकंठ मागे येऊन उभा राहिला. "आधी अटी ऐक. मी लपवाछपवी करत नाही."

टिटवीने अटी वाचल्या. "कडं घालणाऱ्याने मालकाच्याच हाकेला ओ द्यावी. एकानेही दुसऱ्या कुणाला ओ दिली, तर सर्वांचा करार मोडला."

"एवढं ऐकूनही लोक घालतात?" बकुळेने विचारलं.

"मोहरांचा आकडा आधी सांगते," टिटवी म्हणाली.

"तीन कामं करून दाखव," कालकंठ म्हणाला. "मग कडं तुझं."

बकुळेने बहिणीकडे पाहिलं आणि मान डोलावली.

पहिलं काम, रानात पांगलेली हरणं बोलावायची. तिने हाक घातली. हरणं आली आणि ओळीने उभी राहिली. दुसरं काम, आटलेल्या विहिरीचं पाणी वर बोलवायचं. तिने वाकून हाक घातली. पाणी ओ देत काठाला लागलं.

"वा!" कालकंठ म्हणाला. "असा आवाज आणि मोबदला ज्वारी! लाज वाटली पाहिजे तुझ्या राजाला."

"त्यांना वाटते," बकुळा म्हणाली.

दिवस कलला. दरीत धुकं भरलं. कालकंठाने तिला सज्जात उभं केलं. मागे माग चालूच होते.

"तिसरं काम. उदयभानाची माणसं आता रानातून परतत असतील. त्यांना नावं घेऊन इकडे बोलव."

बकुळेने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात दरीपलीकडून एक आवाज आला. घोगरा, बेसूर, मध्येच खोकणारा. "विठाईऽऽ! मल्हारीऽऽ! विठाईऽऽ!"

"महाराज," राघू म्हणाला. "आणि विठाईचं नाव दोनदा घेतलं. यादी उलटी धरलीय बहुतेक."

पण धुक्यातून ओ येत होती. एक, मग आणखी एक. माणसं त्या फाटक्या आवाजाकडे निघाली होती.

"त्याच्यापेक्षा तुझा आवाज दसपट आहे," कालकंठ म्हणाला. "चल, घे नावं."

कोरडी खोली बकुळेला हवी होती, अगदी खरोखर हवी होती. पण गळ्यापाशी आलेली नावं तिने गिळली आणि दरीकडे पाठ केली.

"तगरऽऽ!"

माग चालू राहिले. तिने दुसरी हाक मारली. तिसरी मारली. तगरचा धोटा इकडून तिकडे गेला.

"तीन झाल्या," कालकंठ शांतपणे म्हणाला. "तुमची रीत मला ठाऊक आहे. आता शहाणी हो. दोनशे मोहरा."

बकुळेने डोळे मिटले. आणि चौथी हाक मारली.

सज्जाच्या दगडाने तिचे पाय घोट्यापर्यंत आत घेतले. ती इतकी दचकली की पाचवी हाक आपोआपच निघाली.

"पाचशे," कालकंठ म्हणाला. त्याचा आवाज आता तितका शांत नव्हता. "सोडवतो तुला. गप्प बस."

सहावी. सातवी. दगड पोटरीला आला. घसा सोलवटला. बारावीनंतर तिला रडू फुटलं आणि रडण्यामागून राग आला.

"तगरे! कानात बोळे घातलेस काय गं? त्या दिवशी मी तीन हाका मारून खाली उतरले, चुकलं माझं! आज नाही उतरणार! गुडघ्यापर्यंत दगड झाला तरी नाही! तगऽऽर!"

तिसऱ्या रांगेतला धोटा मध्येच थांबला. तगरने कपाळाला आठ्या घातल्या. आजूबाजूचे माग एकेक करत थबकले. कालकंठाने तिच्याकडे धाव घेतली, पण तोवर तिची मान वळली होती.

"ओ गं, ओ!" तगर म्हणाली, आणि महालभर मनगटांतली कडी गळून फरशीवर खणाणली. "किती ओरडतेस!"