दांडीखालची जागा

त्या आवारात सगळे पक्षी एकत्र राहत आणि एकत्र राहण्याचा त्यांना मोठा अभिमान होता. कोंबड्या, गिनी कोंबड्या आणि टर्की रात्री उंच दांड्यांवर झोपत. बदकांचे पाय चपटे, त्यांना दांडी धरता येत नसे, म्हणून ती दांड्यांखालच्या पेंढ्यावर झोपत. सकाळी दांडीवरचे पक्षी स्वच्छ अंगाने खाली उतरत आणि बदके मळलेली उठत. हे रोजच घडत असल्यामुळे बदके जातीनेच घाणेरडी असतात, हे सर्वांना ठाऊक झाले होते.

त्यातूनच पाण्याचा नियम झाला होता. मोठ्या घंगाळातले पाणी दांडीवरच्यांसाठी आणि बदकांसाठी कुंपणाजवळ एक ताटली. ताटलीत नखभर पाणी असे. हा नियम सगळ्यांच्या आरोग्यासाठी आहे असे थोरले टर्की सांगत. ते इतक्या मऊ आवाजात सांगत की विरोध करणाऱ्याला आपणच उर्मट आहोत असे वाटे.

बदकिणींना अंड्यांवर टिकून बसता येत नाही असे मानले जाई, म्हणून त्यांची अंडी उबवायला बसलेल्या एखाद्या खुडूक कोंबडीखाली सरकवण्याची रीत होती. एका उन्हाळ्यात मोगरी नावाच्या पांढऱ्याशुभ्र कोंबडीखाली अशी सहा अंडी आली. कोंबडीचे पिल्लू एकविसाव्या दिवशी बाहेर येते. एकवीस दिवस झाले, चोवीस झाले, अंडी गप्पच. शेजारणी येता-जाता थांबू लागल्या.

“मोगरे, दगड उबवतेस का गं?”

मोगरी दाणा टिपण्यापुरती उठे आणि लगेच परत बसे. अठ्ठाविसाव्या दिवशी एकच अंडे फुटले. आतून निघाले ते पिवळे, रुंद चोचीचे आणि चालताना दोन्ही बाजूंना झुलणारे पिल्लू. तिने त्याचे नाव डुलू ठेवले.

महिनाभर तो कोपऱ्यातल्या झाकलेल्या पाटीत तिच्या पंखाखाली झोपला. मग रीतीप्रमाणे तिला दांडीवर परत बोलावण्यात आले आणि डुलू खाली पेंढ्यावर गेला. दुसऱ्या सकाळी तो मळलेला उठला. रात्रीतून पिल्लाने एवढे काय केले, हे मोगरीला कळेना. शेजारणी मात्र एकमेकींकडे पाहून हसल्या. रक्त कुठे जाते, असे त्यांच्या हसण्यात होते.

पंधरा दिवसांत डुलूचा एक डोळा चिकटला. नाकपुड्या भरल्या. बदकांमधल्या सर्वांत म्हाताऱ्या बदकिणीला सगळी पाणकाकू म्हणत. मोगरी तिच्याकडे गेली.

“पोरी, आमचं नुसतं पिऊन भागत नाही,” पाणकाकू म्हणाली. “रोज एकदा डोकं बुडेल एवढं पाणी लागतं. नाक-डोळे धुतले गेले नाहीत तर असे बंद होतात.”

“मग तुमचं कसं चालतं, काकू?”

“चालत नाही गं,” पाणकाकू म्हणाली आणि तिने मान वळवली. तेव्हा मोगरीला दिसले, की तिचा पलीकडचा डोळा केव्हाच आंधळा झालेला होता.

मोगरी थोरल्या टर्कींकडे गेली. रोज एकदा, सगळ्यांचे पिऊन झाल्यावर, माझ्या पिल्लाला घंगाळात डोके बुडवू द्या, एवढेच तिने मागितले. टर्कींनी तिचे सगळे ऐकून घेतले, तिच्या भावनांचा आदर असल्याचे सांगितले आणि पाणी गढूळ होण्याचा प्रश्न काढला. उरलेले पाणी संध्याकाळी घंगाळाचा राखणदार कोंबडा फेकूनच देई. मोगरीने ते सांगितले. त्यावर, फेकणे वेगळे आणि देणे वेगळे, असे उत्तर मिळाले.

मग ती चोचीतून पाणी नेऊ लागली. कोंबडीच्या चोचीत जेमतेम थेंबभर पाणी मावते. घंगाळापासून पेंढ्यापर्यंत आणि पेंढ्यापासून घंगाळापर्यंत ती दिवसभर चालत राहिली. निम्मे थेंब वाटेतच सांडत. डुलू तिच्या पावलांच्या आवाजाने मान उचलून चोच वर करी. चौथ्या दिवशी त्याचा दुसरा डोळाही चिकटला. सहाव्या दिवशी दुपारी ती थेंब घेऊन आली, तेव्हा त्याने मान उचलली नाही.

गिनी कोंबड्यांनी आवारभर ओरडून बातमी दिली : अस्वच्छतेमुळे एका पिल्लाचे दुःखद निधन. थोरल्या टर्कींनी शोक व्यक्त केला आणि बदकांनी स्वच्छतेची सवय लावून घ्यावी असे कळकळीने सुचवले. शेजारणी समाचाराला आल्या. अगं, पोटचं का होतं ते, पाळलेलंच ना, असे एकीने समजावले. दुसरीने सांगितले की अंड्यांना काही तोटा नाही, पुन्हा खुडूक बसशील तेव्हा नवी मिळतील. मनावर घेऊ नकोस, असे सगळ्याच म्हणाल्या. अठ्ठावीस दिवस तिने काय उबवले होते, हे कुणी विचारले नाही. मोगरी त्यांच्या पायांकडे पाहत राहिली. किती स्वच्छ पाय होते ते.

तिन्हीसांजेला सगळे दांडीवर चढले. मोगरी चढली नाही. पेंढ्यात डुलूच्या अंगाएवढा खळगा अजून होता, त्यावर ती जाऊन बसली. बदकांनी सरकून तिला जागा दिली. अंधार पडता पडता तिच्या पाठीवर काहीतरी कोमट पडले. थोड्या वेळाने पुन्हा पडले, या वेळी डोक्यावर. शेजारच्या बदकांनी, जन्मभराची सवय असल्यासारख्या, माना पंखात खुपसल्या. मोगरीने मात्र मान खुपसली नाही. एकेक पडत राहिले आणि ती बसून राहिली.

सकाळी ती घंगाळापुढच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिचा पांढरा रंग कुठे उरला नव्हता. एका डोळ्यावर घाण सुकून पापणी चिकटली होती.

“बदकांची ताटली कुंपणापाशी,” राखणदार कोंबडा तिच्याकडे नीट न पाहताच म्हणाला.

“मी मोगरी.”

त्याने वाकून पाहिले. रांग थांबली. कुंपणापाशी बदकांनी ताटलीतून चोची वर केल्या.

“अगं, मग हे अंगभर काय? कुणी केलं हे?”

मोगरीने उरलेला उघडा डोळा वर वळवला. थोरले टर्की आणि त्यांचा गोतावळा अजून खाली उतरायचा होता. तिच्यामागोमाग राखणदाराने वर पाहिले, मग एकेक करून बदकांनीही पाहिले. आणि दांडीवर बसलेल्या प्रत्येकाने हळूच आपली शेपटी आवरून घेतली.