डॉक्टर काय म्हणाले

“पण मास्तर, चुकलं कुठे, ते तरी सांगा.”

निशिकांतचा आवाज जरा चढलाच. गेल्या वर्षी स्पर्धेत अभिनयाचं पहिलं बक्षीस त्याला मिळालं होतं. विश्राम मास्तरांच्या नाट्यवर्गात त्याची चूक काढून दाखवणारं दुसरं कुणी नव्हतं.

संवाद लिहिलेले नव्हते. मास्तरांनी प्रसंग तेवढा दिला होता. मास्तर आजारी बाप, निशिकांत त्यांचा मुलगा. मुलगा डॉक्टरांना भेटून नुकताच घरी आलाय, आणि बाप फार दिवसांचा सोबती नाही.

निशिकांत दारातच थबकला होता, हात थरथरवले होते, हुंदका आवरत भिंतीला टेकला होता. मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

मास्तर म्हणाले, “माझ्याकडे एकदा तरी बघितलंस? पुन्हा ये.”

तो बाहेर गेला. पुन्हा आत आला. या वेळी त्याने बघितलं.

मास्तर खुर्चीत बसले होते. सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल पडली होती. डोळ्यांत पिवळसर झाक होती. पावलं सुजलेली... चपलेचे पट्टे त्यांनी उघडेच सोडले होते.

दोन वर्षं तो या माणसासमोर बसत होता. हे कधीपासूनचं?

“आलास?” मास्तर म्हणाले.

“हो अण्णा.”

“काय म्हणाले डॉक्टर?”

निशिकांतचे हात या वेळी थरथरले नाहीत, उलट दगडासारखे जड झाले.

“काही नाही. अशक्तपणा आहे म्हणाले.”

“बस, एवढंच?”

“एवढंच. वेळेवर जेवत जा म्हणाले.”

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. ती नजर त्याला सोसवेना. तो खाली बसला आणि त्यांच्या चपलेचा पट्टा लावू लागला. सुजेमुळे तो पुरेना. त्याने बोटाने हलकेच दाबून बघितलं. कातडीत खळगा पडला... आणि तसाच राहिला.

हे काही रंगभूषेचं काम नव्हतं.

“रात्री भात टाकू का, अण्णा?” त्याने मान वर न करताच विचारलं.

“टाक. मऊ कर.”

वर्गात कुणी हललं नाही. टाळ्याही वाजल्या नाहीत.

निशिकांतने अगदी हळू आवाजात, फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं विचारलं,

“मास्तर... तुम्ही खरंच डॉक्टरांकडे गेला होतात?”

मास्तरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात गार होता.

“प्रवेश संपला, असं मी म्हटलं का रे?”