राजाचं नाक आणि कोहळ्याची वेल

राजा रणधवलाच्या नाकाला मधमाशी डसली आणि राज्यावर संकट आलं. खरं तर संकट नाकापुरतंच होतं. पण राजाचं नाक म्हणजे काय तुमच्या-आमच्यासारखं असतं थोडंच! त्याने आरशात ते सुजलेलं नाक पाहिलं आणि लगेच हुकूम सोडला. "माझ्याच बागेतला रस फुकट पितात आणि मलाच डसतात! पोळी जाळा. एकही माशी बागेत दिसता कामा नये."

पोळी जळाली, बागभर धूर झाला. दरबार वाहवा करकरून दमला आणि जेवायला उठला.

मग श्रावण आला. बागेतल्या कोहळ्याच्या वेली पिवळ्या फुलांनी भरून गेल्या, पण फळ म्हणून धरेना. फुलामागे इवलासा कोहळा दिसायचा आणि लगेच सुकून गळायचा. खंडेनवमीला शस्त्रांपुढे स्वतःच्या बागेतला कोहळा कापायचा, ही तर राजघराण्याची रीत. बाजारातला चालत नसे. मग राजाने काय करावं? म्हाताऱ्या सटवाजी माळ्याला कोठडीत टाकलं. का, तर म्हणे त्याने वेलींना नीट पाणी घातलं नाही.

सटवाजीची लेक हौसा दरबारात आली. तिचा रागाने नुसता जळफळाट होत होता, पण बाप आत अडकलेला, म्हणून तिने हात जोडले.

"महाराज, दोष पाण्याचा नाही. कोहळ्याचं नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. एकातली पिवळी भुकटी दुसऱ्यात पडली तरच फळ धरतं. रस प्यायला आलेल्या माश्या जाता जाता ते काम करून जायच्या."

"म्हणजे त्या चिलटांवाचून माझं अडलंय म्हणतेस?" राजा गरजला. "माशी येणार नाही म्हणजे नाही. तरी खंडेनवमीला मला कोहळा हवा. नाही दिसला, तर बापासकट तुला राज्याबाहेर काढीन."

असल्या माणसाशी वाद कोण घालणार? हौसाने दरबारावर एकवार नजर फिरवली. कुणी लोडाला टेकून पेंगत होतं, कुणी विडा चघळत होतं.

"लावते कोहळा," ती म्हणाली. "फक्त माश्यांचं काम करायला माणसं द्या."

"हवी तेवढी घे."

"शेतकरी भांगलणीत गुंतलेत, कोष्टी मागावर बसलेत. मोकळी माणसं मला इथेच दिसतायत."

सरदार उमाजीरावांना ठसका लागला. "अगं, आम्ही दरबारी आहोत. किडे नव्हे."

"तेही खरंच. किड्यांना काम येतं."

राजाने शब्द दिला होता आणि तो मागे घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं. कोहळ्याची फुलं उजाडताच उघडतात नि ऊन तापलं की मिटतात. तेव्हा दुसऱ्या दिवशी कोंबडा आरवताच सगळे मानकरी शाली-शेले सावरत वेलींत रांगू लागले. हातात नर फूल, नाकाला पिवळी भुकटी, आणि शिंकांचा नुसता गोंधळ! कुणी नर फुलावर नर फूल घासलं. कुणाच्या गुडघ्याखाली अख्खी वेल चिरडली. एका मादी फुलावरून तर उमाजीराव आणि सेनापती यांच्यात अशी जुंपली की दोघांच्या पगड्या चिखलात गेल्या आणि फूलही गेलं. हौसा बांधावर बसून सगळं पाहत होती. बापाच्या काळजीतही तिला हसू आवरेना.

फुलांचा बहर सरेपर्यंत हे असंच चाललं. शेवटी खंडेनवमी आली. राजा बागेत आला. तुडवलेल्या वेलींत एक, फक्त एक कोहळा होता, तोही जरा वाकडाच.

"एवढ्या सगळ्यांनी मिळून एवढंच?" तो तोडून हातात घेत राजा ओरडला. "आणि पूर्वी?"

"पूर्वी गाड्या भरून निघायचे, महाराज. आणि बागेत कुणाची पगडीही पडत नसे."

राजाने उमाजीरावांच्या अजूनही पिवळ्या नाकाकडे पाहिलं. मग नकळत स्वतःच्या नाकाला हात लावला. "बरं. माश्यांना परत बोलवा. आमचा हुकूम आहे."

"माश्यांना हुकूम कळत असता तर त्या तुमच्या नाकावर बसल्या असत्या का? फुलं राहू द्या, पोळ्यांना हात लावू नका. येतील त्यांच्या सवडीने."

"पण पोरी, फुकट खाणाऱ्यांना हाकललं, यात माझं चुकलं काय?"

"काहीच नाही," हौसा म्हणाली. "फक्त धूर बागेत केलात, तो दरबारात करायचा होता."

मग राजा असा काही हसला, की हातातला कोहळा पडता पडता राहिला. त्याने तिथल्या तिथे सटवाजीला सोडवून आणलं, खंडेनवमीचा कोहळा तेवढा राखून ती बाग बापलेकीला कायमची देऊन टाकली, आणि माश्या परत येईपर्यंत उमाजीरावांना हौसाच्या हाताखाली दिलं.