सुगरणीची गाठ

नदीपलीकडच्या लांडग्याने सशांना बिळांत कोंडले, तेव्हाची ही गोष्ट. अलीकडच्या रानाने सभेत ठरवले, की ससे सुटेपर्यंत लांडग्याच्या हद्दीत जायचे नाही आणि त्याला काडीसुद्धा द्यायची नाही. पहाऱ्यावर टिटवी बसली.

दुसऱ्याच दिवशी साळिंदर काट्यांचा भारा घेऊन नदीत उतरले. टिटवीने ओरडून रान डोक्यावर घेतले.

"अगं, हळू! हे बेटावरच्या कोल्ह्याला देतोय. तो पुढे कुणाला देतो, ते मी कशाला विचारू?"

मागोमाग सुतारपक्षी लाकडी खुंट्या घेऊन आला. "मी नाही दिल्या तर तांबट पक्षी देईल. मग माझ्या पिलांनी काय खायचं?"

सुगरणीने ओढताच आवळणारी गाठ मारून दोरी पाठवली. "टिटवीताई, दोरी कधी कुणाला चावलीय का?"

टिटवी घसा बसेपर्यंत ओरडली. सभा म्हणाली, "ठराव झालाय ना? मग झालं!"

अखेर बंदी मोडून तीच पलीकडे उडाली. बिळांना काट्याखुंट्यांची नवी दारे होती, वर दोरीची गाठ. आतून ससुली म्हणाली, "आधी नुसता दगड होता गं. ढकलून एकेक पिलू बाहेर काढत होते. हे दार हलतच नाही."

टिटवीने चोच झिजवली, पण गाठ सुटेना. परतून तिने सुगरणीला गाठले.

"तुझी गाठ सुटत नाही."

सुगरणीचा चेहरा खुलला. "सुटेल कशी? माझ्या हातची आहे!"

"मग चल, तूच सोड."

"पलीकडे?" सुगरण दचकली. "अगं, बंदी आहे ना!"