साहेबांचं रिकामं पान

कासेगावच्या ज्येष्ठ नागरिक संघात विमा कंपनीचे दाभाडकर साहेब आले. म्हाताऱ्यांच्या जादा आरोग्यविम्याचे नियम पुढच्या महिन्यापासून बदलणार होते. साहेबांनी ऐटीत सांगितलं, "गुडघ्याच्या ऑपरेशनचा खर्च मिळायला आता नव्याने चार वर्षं थांबायचं. आणि ऐंशी पूर्ण झाली की हा विमा बंद. नियम म्हणजे नियम. आजच या अर्जांवर सह्या करा."

सुभद्राबाईंचे यजमान तात्या अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. दुखऱ्या गुडघ्यासाठी त्यांनी तीन वर्षं हप्ते भरत कळ काढली होती.

"सह्या करू हो," सुभद्राबाई म्हणाल्या, "आधी जेवून घ्या." त्या दिवशी संघाचं सहभोजन होतं. त्यांनी साहेबांसमोर केळीचं पान मांडलं. "तुम्हाला वाढायला चाळीस मिनिटं लागतील हं."

वरणाचा वास घेत साहेब बसून राहिले. वीस मिनिटांनी बाईंनी ते रिकामं पान उचललं.

"अहो बाई, मला अजून काही वाढलंच नाही!"

"आमची पंगत वीस मिनिटांचीच असते."

"मग चाळीस मिनिटं थांबायला कशाला सांगितलंत?"

"तात्यांना हेच विचारायचं होतं, साहेब. थांबायचं चार वर्षं, आणि विमा दोन वर्षांत बंद."

सगळे हसले. साहेब ओशाळले. त्यांनी मोठ्या ऑफिसला फोन लावला आणि तात्यांची आधीची तीन वर्षं धरली जातील, असं अर्जावर लिहून सही केली.

बाईंनी साहेबांना पुन्हा पान मांडून वाढलं आणि तुपाची वाटी घेऊन आल्या, तसे तात्या म्हणाले, "अगं, तूप जरा बेतानंच वाढ. माझ्या ऑपरेशनला अजून वर्ष आहे, तोवर सही करणाऱ्या साहेबांची तब्येत ठणठणीत राहायला हवी."