शिवेवर अडलेला निरोप

फार फार वर्षांपूर्वी एका घाटात एकाखाली एक अशी तीन गावं होती. वरच्या गावात चिकणमाती होती आणि कुंभार होते. मधल्या गावात सुतार होते. त्यांच्या गाड्या कधी कुरकुरत नसत. खालच्या गावात ऊस होता आणि गुऱ्हाळं होती. त्याच्याही खाली, पायथ्याशी, मोठा बाजार भरायचा.

या गावांची एक रीत होती. एका गावच्या बैलानं दुसऱ्या गावची शीव ओलांडायची नाही. शिवेवरच्या दगडापाशी गाडी रिकामी करायची, माल पलीकडच्या गाडीत भरायचा आणि मागं फिरायचं.

सुताराच्या चाकाला याचं काही वाटत नसे. कुंभाराच्या रांजणाला मात्र फार वाटे.

वरच्या गावच्या गजराबाईनं चाळीस रांजण पाठवले, तर दोन शिवांवरच्या चढउतारात पंधरा फुटत. शेवटी बाजारातला व्यापारी म्हणाला, "बाई, तुझ्या रांजणातलं पाणी गोड लागतं. पण चाळीस सांगितले की चाळीस हवेत. येत्या जत्रेला पुरते आले नाहीत, तर मी नदीपलीकडून घेईन."

गावातल्या बाकीच्या कुंभारांनी आपली चाकं केव्हाच माळ्यावर टाकली होती. गजराबाईचा रांजण भाजायचा आवा तेवढा पेटता उरला होता. तोही विझायची वेळ आली.

ती पाटलांकडे गेली. "दादा, ही रीत घातली कोणी?"

"मधल्या गावानं. आपण बापडे पाळतो."

ती मधल्या गावात गेली. थोरला सुतार हसला. "आमची रीत? बाई, तुमच्याच गावानं आमचे बैल अडवले, आणि आता गळा काढायला आलीस होय?"

खालच्या गावात गुऱ्हाळाच्या धगीशी एक नव्वदीचा म्हातारा बसायचा. गजराबाईनं त्यालाही विचारलं.

"मी एवढासा होतो," तो म्हणाला, "तेव्हा बैलांना खुरकूत लागली. तिन्ही गावांनी ठरवलं, साथ सरेपर्यंत बैल शिवेबाहेर न्यायचे नाहीत. साथ दोन महिन्यांत सरली."

"मग, आजोबा?"

"मग काय! तुमचे म्हणाले, साथ सरल्याचा निरोप आधी मधल्यांनी धाडावा. मधले म्हणाले, आधी वरच्यांनी. आमचे म्हणाले, वरचे दोघं बोलोत, मग बघू. तो निरोप अजून यायचाय, पोरी."

गजराबाईला आधी हसू आलं. मग फुटलेले रांजण आठवले आणि डोळे भरले.

जत्रेच्या आदल्या सकाळी तिनं चाळीस रांजण गाडीत भरले आणि स्वतः बैल हाकत पहिल्या दगडापाशी आली. पलीकडे सुतार गाडी घेऊन उभेच होते. मागून पाटील ओरडत आले, "अगं थांब! गावाची अब्रू घालवशील!"

"मी निरोप आणलाय," गजराबाई सुतारांना म्हणाली. "साथ सरली."

"पाठवलाय कोणी?" थोरल्या सुतारानं विचारलं.

"गावानं. मी त्याच गावची ना? बैलांचे खूर बघा, तोंडं बघा. आजार दिसला, तर इथूनच परत फिरते."

सुतार खाली वाकला. आठही खूर त्यानं उचलून पाहिले.

"बैल निरोगी आहेत," तो उठत म्हणाला. "पण ही गाडी! या चाकावर तू आमचा उतार उतरणार? आण रे ती पाचर." त्यानं चाक घट्ट करून दिलं. मग पाटलांकडे वळून म्हणाला, "काय पाटील, अब्रू शाबूत आहे ना?"

पाटील ओशाळून हसले आणि त्यांनीच बैलांची वेसण धरून गाडी पलीकडे काढली.

दुसऱ्या शिवेवर तो म्हातारा उसाच्या पाचटाचे भारे घेऊन बसला होता. "रांजणांच्या मधे हे कोंबा," तो म्हणाला. "आमच्याकडे नुसतं जाळतात."

बाजारात व्यापाऱ्यानं एकेक रांजण वाजवून पाहिला. चाळीसच्या चाळीस खणखणले.

पुढच्या सुगीला वरच्या गावातली चाकं माळ्यावरून खाली आली. खाली रांजण नेणाऱ्या गाड्या वर येताना गूळ आणि आव्यासाठी पाचट आणू लागल्या. गाड्या वाढल्या, तसं सुतारांना काम पुरेना. शिवेवरचे दगड मात्र कुणी उपटले नाहीत. आजारी बैल अजूनही तिथं थांबतो. पण दर दसऱ्याला तिन्ही गावं दगडापाशी जमतात आणि एकमेकांना विचारतात, "ही रीत अजून हवी का?"

शेजाऱ्याच्या निरोपाची वाट पाहणारं गाव जागीच राहतं. आपण होऊन निरोप नेणारं गाव शेजाऱ्यालाही पुढं नेतं.